एका डोकेदुखीचे १०६ तास

मेंदूला रक्त पुरवणारी नस बंद पडली की अर्धांग होतं आणि अशा वेळी एकेक मिनिट मोलाचं असतं, हे आता खेड्यापाड्यातही माहीत झालं आहे. मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या नसांतही गुठळी होते, हे मात्र फार थोड्यांच्या कानावर गेलेलं असतं. हा आजार तरुण वयाचा, त्यातही बायकांचा. पोर्तुगालचे डॉ. जोझे फेरो यांच्या पुढाकाराने २१ देशांतल्या ६२४ रुग्णांचा अभ्यास झाला, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या दर चार रुग्णांमागे तीन स्त्रिया होत्या. आणि निम्म्या रुग्णांच्या बाबतीत पहिल्या लक्षणापासून निदान होईपर्यंत सात दिवस किंवा त्याहून जास्त गेले होते.

एवढा वेळ हा आजार देतो. दुसरे कितीतरी जीवघेणे आजार इतका वेळ देत नाहीत. आणि तो वेळ हातातून कसा जातो, ते तासातासाने पाहिलं तर जीव तुटतो.

खालचा घटनाक्रम एकाच बाईचा नाही. न्यूरॉलॉजीच्या वॉर्डात ज्या बायका अशा अवस्थेत येतात, त्यांच्या दुखण्याची नेहमीची वाट एकत्र करून तो रचला आहे. सण गौरी-गणपतीचा घेतला आहे, कारण आपल्याकडे या आजाराला वाट करून देणाऱ्या बऱ्याच गोष्टी त्या आठवड्यात एका घरात एकत्र येतात.

१०६ तास आधी. हरतालिका, संध्याकाळी साडेपाच

वय ३४, दोन मुलं, घरातली थोरली सून. हरतालिकेचा निर्जळी उपास. सकाळपासून पाण्याचा थेंब नाही, आणि आदल्या रात्रभर मुंबईहून गावाकडचा प्रवास झालेला. डोक्याच्या मागच्या बाजूला ठणका लागला आहे. सासूबाई म्हणतात, "अगं, चहा नाही ना पोटात, म्हणून दुखतंय. उद्या उपास सुटला की थांबेल." धाकटी जाऊ कपाळाला बाम चोळून देते.

पर्समध्ये गोळ्यांची पट्टी आहे. पाळी नेमकी गणपतीच्या तोंडावर येणार होती, म्हणून पुढे ढकलायच्या गोळ्या चालू केल्या, आज दहावा दिवस. दिवसाला तीन. मेडिकलच्या दुकानातून दोघी जावांनी एकदमच आणल्या. चिठ्ठी कुणी मागितली नाही.

हे औषध म्हणजे नॉरएथिस्टेरॉन. योग्य बाईला, योग्य कारणासाठी, डॉक्टरांनी विचारपूस करून दिलं तर ते उपयोगाचं औषध आहे. पण शरीरात त्याचा थोडा अंश इथिनिल इस्ट्राडिऑलमध्ये बदलतो, आणि संततिनियमनाच्या बहुतेक गोळ्यांत असतं ते इस्ट्रोजेन हेच. दिवसाला १० ते २० मिलिग्रॅम नॉरएथिस्टेरॉन घेतलं की हा अंश संततिनियमनाच्या एखाद्या गोळीइतका भरतो. इस्ट्रोजेनमुळे यकृत रक्त गोठवणारे घटक जास्त बनवतं. संततिनियमनाच्या अशा गोळ्या घेणाऱ्या बायकांत मेंदूच्या शिरांतल्या गुठळीचा धोका न घेणाऱ्यांच्या पाच ते सात पट असल्याचं वेगवेगळ्या अभ्यासांत दिसलं आहे. मूळ धोका फार लहान असल्याने बहुतेकींना काहीच होत नाही. धाकट्या जावेलाही काही झालं नाही.

पण थोरलीच्या बाबतीत गोळी एकटी नव्हती. अंगात पाणी कमी, त्यामुळे रक्त दाट. हिमोग्लोबिन कित्येक महिन्यांपासून आठच्या आसपास, आणि लोहाची कमतरता ही सुद्धा गुठळीला पोषक. शाकाहारी घर, त्यामुळे बी-१२ बहुधा कमी. बी-१२ कमी पडलं की रक्तात होमोसिस्टीन वाढतं आणि तेही शिरांना बाधतं. रुडॉल्फ विर्शो या जर्मन डॉक्टरच्या नावाने वैद्यकाचे विद्यार्थी गुठळीची तीन कारणं आजही पाठ करतात: प्रवाह मंदावणं, नसेच्या भिंतीला इजा होणं, रक्ताचा गुण बदलणं. इथे गुण तर बदललाच होता, दाट रक्ताची चालही मंद झाली होती.

९२ तास आधी. गणेश चतुर्थी, सकाळी साडेसात

उपास सुटला, चहा झाला, डोकं थांबलं नाही. उकडीचं पातेलं उतरवायला ती वाकते आणि कुणीतरी आतून कवटी ढकलतंय असं वाटून तशीच ओट्याला धरून उभी राहते. शिंक आली तरी कळ जाते. रात्री आडवं झाल्यावर जास्त दुखत होतं, उठून बसल्यावर जरा बरं. हे ती कुणाला सांगत नाही. घरात वीस माणसं जेवायची आहेत.

डोक्याच्या मधोमध, कपाळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत, कवटीला आतून चिकटून एक मोठी शीर जाते. मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या वरच्या भागातलं वापरलेलं रक्त तिच्यात उतरतं आणि मागे जाऊन कानामागच्या शिरांवाटे मानेत जातं. मेंदूभोवतीचं पाणीही याच शिरेत शोषलं जातं. ती तुंबली की दोन्ही तुंबतात, रक्त आणि पाणी. मोरी तुंबल्यावर नळ चालूच राहावा तसं हे आहे: वरून पुरवठा थांबत नाही, म्हणून आतला दाब चढत जातो. आडवं झालं, वाकलं, खोकलं की तो आणखी चढतो. ठणक्याचा हा स्वभावच निदानाची पहिली खूण असतो.

६५ तास आधी. ऋषिपंचमी, सकाळी साडेदहा

गावातल्या दवाखान्यात नवरा घेऊन जातो. रक्तदाब ठीक, ताप नाही, मान आखडलेली नाही. जागरण, उपास, तळणाचा वास. डॉक्टर म्हणतात, पित्त आहे, थोडी अर्धशिशीही असेल. एक इंजेक्शन, तीन दिवसांच्या गोळ्या. दुपारभर बरं वाटतं.

या डॉक्टरांना दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. त्यांच्याकडे रोज डोकेदुखीचे कितीतरी पेशंट येतात आणि जवळजवळ सगळ्यांना खरंच पित्त, अर्धशिशी नाहीतर ताण असतो. तरीही दोन गोष्टी व्हायला हव्या होत्या. पहिली, एक प्रश्न: बाई, सध्या कुठल्या गोळ्या चालू आहेत? पाळीच्या, संततिनियमनाच्या, कसल्याही? तिने स्वतःहून सांगितलं नाही. पाळीच्या गोळीला ती औषध मानत नाही आणि नवऱ्यासमोर, कंपाउंडरसमोर तो विषय काढणं तिला जमत नाही. दुसरी, डोळ्याच्या आत पाहणं. ऑफ्थॅल्मोस्कोप नावाचं हातात मावणारं उपकरण बाहुलीसमोर धरलं की डोळ्याच्या पडद्यावर मेंदूकडून येणाऱ्या नसेचं टोक दिसतं. आतला दाब वाढला असेल तर ते सुजलेलं असतं.

कधी डोकं न दुखणाऱ्या बाईचं डोकं अचानक दुखायला लागतं, रोज थोडं वाढतं, आडवं झाल्यावर जास्त होतं आणि ती हार्मोनच्या गोळ्या घेत असते किंवा नुकती बाळंत झालेली असते. एवढं जुळलं की पित्ताचं निदान लांब ठेवायला हवं. बाळंतिणीचा उल्लेख मुद्दाम केला. एडिनबराच्या जॉन अबरक्रॉम्बी यांनी १८२८ सालीच एका २४ वर्षांच्या बाळंतिणीच्या मेंदूच्या शिरांतली गुठळी नोंदवली होती. बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे रक्त गोठण्याकडेच झुकलेलं असतं, आणि आपल्याकडे कित्येक घरांत बाळंतिणीला याच दिवसांत पाणी मोजून देतात.

४६ तास आधी. पहाटे साडेपाच

उलटी. मळमळ फारशी नव्हती, एकदम उसळून आली. मोरीपाशी उभी राहताना काही क्षण डोळ्यांपुढे अंधार, मग पुन्हा सगळं नीट. दिवसभरात असं चार-पाच वेळा होतं. सासूबाई मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढतात.

तिने अकराव्या, बाराव्या, तेराव्या दिवशीच्या गोळ्याही घेतल्या आहेत. विसर्जनापर्यंत घ्यायच्या म्हणून.

१७ तास आधी. गौरी आवाहन, सकाळी साडेदहा

संध्याकाळी गौरी आणायच्या. उंबऱ्यापासून देवघरापर्यंत रांगोळीने गौरीची पावलं काढायचं काम दरवर्षी तिचं. उजव्या चिमटीतून रेघ छान सुटत असते. सातव्या पावलाशी रेघ तुटते. अंगठा आणि तर्जनी आपोआप एकमेकांवर आपटायला लागतात, ठरावीक तालात, ती बघत असताना. रांगोळी सांडते. डाव्या हाताने ती उजवं मनगट घट्ट धरते, तरी बोटं थांबत नाहीत. दोन मिनिटांनी थांबतात. मग हात जड, मुंग्या. ती उरलेली पावलं डाव्या हाताने पुरी करते.

ही आकडी होती, फक्त हातापुरती. गुठळी आता मधल्या मोठ्या शिरेतून मेंदूच्या पृष्ठभागावरच्या लहान शिरांत शिरली आहे, डाव्या बाजूला, उजव्या हाताच्या जागेवर. तिथलं रक्त बाहेर पडायला वाट नाही, म्हणून ते बारीक नसांमधून मेंदूत झिरपायला लागलं आहे. नेहमीच्या अर्धांगापेक्षा या आजारात आकडी खूप जास्त येते. फेरोंच्या अभ्यासात दर दहांतल्या चौघांना आली होती.

१५ तास आधी. दुपारी साडेबारा

स्वयंपाकघरात ती ताठ होते, मान उजवीकडे वळते, घशातून आवाज येतो आणि ती खाली पडते. अंग थडथड उडतं, दातखीळ बसते. कुणी म्हणतं फेफरं आलं, कांदा आणा. ओटी भरायला आलेली एक म्हातारी हात जोडते: अंगात आलंय, गौर आलीय घरात, हात लावू नका.

तिची श्रद्धा खरी आहे, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण त्या दोन वाक्यांत दहा मिनिटं गेली. धाकटी जाऊ पुढे होते, तिला कुशीवर वळवते, तोंडात काही घालू देत नाही. शाळेत शिक्षिका आहे, कुठल्याशा प्रशिक्षणात शिकली होती. १०८ ला फोन होतो.

शुद्धीवर आल्यावर तिला नवऱ्याचं नाव घेता येत नाही. लाजेने नव्हे. नाव सापडत नाही.

१३ तास आधी. तालुक्याचं गाव, दुपारी अडीच

सलाईन, आकडीचं इंजेक्शन, सीटी स्कॅन. रिपोर्टवर लिहून येतं: विशेष दोष नाही.

या आजारातला सर्वांत मोठा चकवा हाच. रंगद्रव्य न घालता काढलेल्या साध्या सीटीवर गुठळी थेट दिसते ती सुमारे एक तृतीयांश रुग्णांतच. बाकीच्यांचा सीटी नीट दिसू शकतो, नातेवाईक सुटकेचा श्वास सोडतात आणि कधी पेशंटला घरी पाठवलं जातं. हिच्या फिल्मवर खूण होती: मागच्या बाजूला, बरोबर मध्यावर, एक छोटा पांढरा त्रिकोण. शिरेतलं ताजं गोठलेलं रक्त असंच दिसतं. शंका मनात धरून पाहिलं तरच ते डोळ्यात भरतं. इथल्या तरुण मेडिकल ऑफिसरने मात्र एक मोलाची गोष्ट केली. रिपोर्ट हातात असूनही त्याने त्यावर विसंबून राहायचं नाकारलं: नवी डोकेदुखी, आकडी, उजवा हात कमजोर, बोलणं अडतंय, हे "दोष नाही"मध्ये बसत नाही. पुण्याला न्या.

८ तास आधी. पुणे, संध्याकाळी साडेसात

कॅज्युअल्टीत न्यूरॉलॉजीची रेसिडेंट डॉक्टर जुना सीटी दिव्यासमोर धरते, मग थेट विचारते, "कुठल्या गोळ्या चालू होत्या?" नवरा म्हणतो, "काही नाही, पित्ताच्या." मागे उभी असलेली धाकटी जाऊ आपली पर्स उघडते आणि पट्टी पुढे करते. "मॅडम, वहिनी या घेतायत. मीपण घेतेय."

चार दिवसांत हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला.

७ तास आधी. रात्री साडेआठ

एमआरआय आणि त्याबरोबर शिरांचं चित्र, म्हणजे एमआर व्हेनोग्राफी. जिथे मधली मोठी शीर पांढऱ्या पट्ट्यासारखी दिसायला हवी तिथे काळोख आहे. डावीकडची आडवी शीरही बंद. डाव्या मेंदूच्या वरच्या भागात सूज आणि सुजेच्या मध्ये लिंबाएवढा रक्तस्राव. मोठ्या शहरांत हे यंत्र आहे, ते चालवणारे हातही आहेत. शंका येणं तेवढं बाकी असतं, आणि ते काम यंत्राचं नाही. एमआरआय नसेल तिथे रंगद्रव्य घालून शिरांचा सीटी काढला तरी निदान होतं.

६ तास आधी. रात्री साडेनऊ

डॉक्टर हेपॅरिन सुरू करायचं सांगतात, म्हणजे रक्ताची गुठळी वाढू न देणारं औषध. नवरा गोंधळून विचारतो, "डॉक्टर, आत रक्त सांडलंय म्हणता, आणि तुम्हीच रक्त पातळ करणार?"

हा प्रश्न अनेक वर्षं डॉक्टरांनाही छळत होता. मेंदूत रक्तस्राव असताना हेपॅरिन देणं म्हणजे आगीत तेल, असं मानणारे मोठे मोठे लोक होते. जर्मनीतल्या कार्ल आइनहॉयप्ल आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली त्याचा निकाल लावला. अवघे २० रुग्ण, दहांना हेपॅरिन, दहांना नाही. तीन महिन्यांनी हेपॅरिनच्या गटातले आठ पूर्ण बरे आणि दोघांत थोडं व्यंग. दुसऱ्या गटात पूर्ण बरा एक, व्यंग राहिलेले सहा, मृत्यू तीन. फरक इतका उघड होता की प्रयोग मध्येच थांबवला गेला. त्याच निबंधात त्यांनी आधीच रक्तस्राव झालेल्या जुन्या रुग्णांचीही नोंद दिली: हेपॅरिन मिळालेल्या २७ जणांत चार दगावले, न मिळालेल्या १३ जणांत नऊ. पुढे बंगळुरूच्या निम्हान्समध्ये डॉ. नागराज यांच्या गटाने खास बाळंतिणींच्या गुठळीवर हेपॅरिनची चाचणी घेतली, कारण तिथल्या वॉर्डांत या आजाराचा चेहरा बाळंतिणीचाच होता.

कारण समजलं की भीती कमी होते. इथे रक्त सांडलं ते नस फुटली म्हणून नाही, पुढची वाट बंद असल्याने दाबाखाली झिरपलं म्हणून. वाट मोकळी होईपर्यंत झिरपणं थांबणार नाही. म्हणून रक्तस्राव असूनही हेपॅरिन द्यायचं. डॉक्टर नवऱ्याला हे कागदावर शिरा काढून समजावतात. तो सही करतो.

त्वचेखाली टोचायचं हेपॅरिन सोपं पडतं आणि बहुतेकांना तेच देतात. हिला मात्र शिरेतून, थेंबाथेंबाने. सूज पाहता ऑपरेशनची वेळ येऊ शकते, आणि या प्रकाराचा परिणाम प्रोटामिनने लवकर उतरवता येतो. आकडीचं औषध चालू, उशाकडची बाजू तीस अंश वर. पाळीच्या गोळ्या बंद.

२ तास आधी. मध्यरात्रीनंतर दीड

हाक मारल्यावर डोळे उघडतात, पण उशिरा. उजवा हात आता चिमटा काढूनही हलत नाही. दुसरा सीटी: रक्तस्राव वाढला, मेंदूची मध्यरेषा उजवीकडे सरकली. मेव्हण्याने फोनवर वाचलंय, तार घालून गुठळी खेचता येते म्हणे. येते. पण नेदरलँड्सच्या पुढाकाराने गंभीर रुग्णांवर झालेल्या चाचणीत (६७ रुग्ण, २०२०) नुसत्या औषधापेक्षा त्याचा जास्त फायदा दिसला नाही. काही निवडक रुग्णांत ते करतात. इथे आता अडचण गुठळीपेक्षा जागेची आहे.

शून्य. पहाटे साडेतीन

नर्स टॉर्च मारते. उजवी बाहुली आक्रसते. डावी मोठीच राहते. सुजलेला मेंदू खाली सरकून डोळ्याच्या नसेवर बसला आहे. त्याच्या खाली मेंदूचा देठ, श्वास चालवणारा.

नंतर

हेपॅरिन थांबवलं, प्रोटामिन दिलं, श्वासनलिकेत नळी घातली. पहाटे पाचच्या आत डाव्या बाजूचा कवटीचा तळहाताहून मोठा तुकडा काढला आणि मेंदूवरचं आवरण उघडलं. तो तुकडा पोटाच्या कातडीखाली जपून ठेवतात, सूज उतरली की काही महिन्यांनी परत बसवतात. नेहमीच्या अर्धांगात हे ऑपरेशन जीव वाचवतं, पण अनेकदा माणूस परावलंबी राहतो. शिरांच्या गुठळीत चित्र बरंच आशादायक आहे, कारण मेंदूचा बराचसा भाग मेलेला नसतो, नुसता गुदमरलेला असतो. वेल्लोरच्या सीएमसीचा मोठा वाटा असलेल्या ११८ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात (२०२४) ऑपरेशनपर्यंत पोहोचलेल्या अशा रुग्णांपैकी दोन तृतीयांश वर्षभराने हयात होते आणि एक तृतीयांशाहून जास्त आपलं आपण करत होते. हा आकडा सर्वांत गंभीर रुग्णांचा. वेळेवर हेपॅरिन सुरू झालं तर बहुतेक जण पूर्ण बरे होतात. पंचमीला निदान झालं असतं तर बहुधा तिला दहाएक दिवस दवाखान्यात काढून घरी जाता आलं असतं.

ती वाचली. उजवा पाय आधी परतला, मग खांदा, बोटं सर्वांत शेवटी. शब्दांना सर्वांत जास्त वेळ लागला. स्पीच थेरपिस्ट एका मिनिटात येतील तितक्या भाज्यांची नावं सांगायला लावायची. ज्या बाईने दरवर्षी गौरीच्या नैवेद्याला सोळा भाज्या केल्या, तिला सुरुवातीला मेथी आणि भोपळा एवढंच सुचायचं, आणि ते चुकलं नाही ना म्हणून ती जावेकडे बघायची. महिन्याभराने ती नऊपर्यंत आली.

रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या सहा महिने, आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळाचं माप, दोन ते तीनच्या मध्ये राहील अशा बेताने. त्यासाठी आधी आठवड्याला, मग महिन्याला रक्ततपासणी. लोह आणि बी-१२ ची भरपाई. फाइलवर लाल शाईने: इस्ट्रोजेन अथवा पाळी लांबवण्याच्या गोळ्या कधीही देऊ नयेत. पुन्हा दिवस राहिले तर पहिल्या भेटीतच हे सांगायचं, त्या काळात त्वचेखालच्या हेपॅरिनची इंजेक्शनं लागतील.

गोळ्यांचा कोर्स संपल्यावर काही आठवड्यांनी रक्त गोठण्याच्या जन्मजात दोषाच्या तपासण्या झाल्या. प्रोटीन एस कमी निघालं, दुसऱ्यांदा तपासलं तरी कमीच. हा दोष घराण्यात असू शकतो, म्हणून डॉक्टरांनी तिच्या सख्ख्या बहिणीलाही बोलावून घेतलं. तिचं लग्न वैशाखात ठरलं होतं, आणि मुहूर्ताच्या दिवशी पाळी येऊ नये म्हणून तिने त्याच गोळ्या आणून ठेवल्या होत्या. त्या घ्यायच्या नाहीत असं तिलाही लिहून दिलं.